पहिली ते चौथीच्या पालकांस, शाळा उघडण्याआधी

पालकहो, घरच्या आजी-आजोबांनो आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो,

सप्रेम नमस्कार.

१५ जूनला शाळा उघडेल. विदर्भातल्या शाळांना उन्हापायी आणखी काही दिवस सुट्टी मिळते. आपल्या मराठवाड्यातही ऊन काही कमी नसतं, पण आपली तारीख हीच. पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे प्रवेशोत्सव होईल. दाराला आंब्याचं तोरण, पहिलीच्या पोरांच्या हातात फूल, नव्या पुस्तकांचा संच, खिचडीबरोबर काहीतरी गोडधोड. सरपंच येतील, फोटो निघतील आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतील. त्या दिवशी वर्ग गच्च भरलेला असतो, त्याची मला काळजी नाही. हे पत्र १६, १७ आणि १८ जूनबद्दल आहे, आणि त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत येणाऱ्या प्रत्येक सोमवार-शनिवारबद्दल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हजेरी ऐकलेली नाही, म्हणून सांगते. मी नाव घेते, मूल ‘हजर बाई’ म्हणतं. एखादं नाव आलं की उत्तर येत नाही आणि मग सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘बाई, तो मामाकडं गेलाय.’ ‘बाई, ती बाजाराला गेली आईसंगं.’ ‘बाई, त्याला उठवलंच नाही.’ पोरांना सगळ्या घरांची खबर असते. मी हजेरीवर ‘गै’ लिहिते आणि पुढचं नाव घेते. यात कुठं भांडण नाही, रडारड नाही. आणि म्हणूनच हा खाडा कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आपल्या गावात शाळेत न घातलेलं मूल नाही, हे मी अभिमानानं सांगते. वाडीवस्तीवरचं, पालावरचं, सगळ्यांची नावं पटावर आहेत. सरकारी कामाला तेवढं पुरतं. ३० सप्टेंबरचा पट धरून शिक्षकांची संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते, ठरते, पटावर मोजून पुस्तकं येतात, पटावर मोजून गणवेश येतो. कागदावर आपली शाळा भरलेली आहे. पण वाचायला शिकायचं असेल तर पटावर नाव असून भागत नाही, समोर मूल बसलेलं लागतं.

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शाळा चालली पाहिजे असं ठरवून दिलंय. आता आपल्या घरचा हिशोब करा. आठवड्यातून एकच दिवस मूल घरी राहिलं, तर वर्षाला ढोबळमानानं तेहतीस दिवस गेले. म्हणजे सहातला एक. पहिली ते चौथी असंच चाललं तर एकशे तीसच्या वर दिवस, म्हणजे एका आख्ख्या वर्षातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग ते मूल शाळेत आलेलंच नाही. पण दाखल्यावर चौथी पास असेल. तुम्हाला वाटेल पोरगं चार वर्षं शिकलं, आणि पाचवीच्या सरांना वाटेल की खालच्या बाईंनी काही शिकवलंच नाही.

‘पहिलीचं पोरगं हो बाई, एक दिवस नाही आलं तर काय बुडतंय? दहावी थोडीच आहे?’ हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. ते उत्तर असं, की दहावीच्या पोराचा एक दिवस बुडाला तर ते मित्राची वही आणून उतरवून काढतं, पुस्तक उघडून वाचतं, मोबाइलवर धडा बघतं. पहिलीच्या पोराला वही उतरवून घेता येत नाही, कारण त्याला अजून वाचता येत नाही. तेच तर ते शिकायला आलंय. दहावीपेक्षा पहिलीचा खाडा महाग पडतो तो यामुळं.

नेमकं काय होतं ते दाखवते. पहिलीला आम्ही मुळाक्षरं ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सरळ ओळीनं घोकून घेत नाही, तुमच्या-माझ्या वेळी घेत तसं. चार-पाच अक्षरांचा एक गट घ्यायचा आणि त्याच अक्षरांचे शब्द लगेच वाचायला लावायचे. म, क, न, र ही अक्षरं झाली की ‘मन’, ‘नर’, ‘कर’, ‘मकर’ वाचून होतात. पोरांना दोन-चार दिवसांतच शब्द वाचल्याचा आनंद मिळतो. मग येतो काना. पाटीवर ‘मन’ लिहायचं, ‘म’च्या पुढं एक उभी रेघ ओढायची, ‘मान’ झालं. ‘कर’चं ‘कार’, ‘नक’चं ‘नाक’. ही एका रेघेची गंमत असते. पोरं एकमेकांच्या पाटीवर काने देत सुटतात, ‘बाई, माझं मामा झालं, बाई, माझं काका झालं’ म्हणून ओरडतात. हा खेळ दोन-तीन दिवस चालतो आणि त्यात काना अंगवळणी पडतो. त्यानंतर वेलांटी, उकार, मात्रा.

आता जे मूल नेमकं त्या दोन दिवसांत लग्नाला गेलं, ते परत येतं तेव्हा फळ्यावर ‘मामा’ लिहिलेलं असतं. ते बोट ठेवून वाचतं, ‘म… म…’ आणि थांबतं. अक्षरांपुढच्या दोन उभ्या रेघा त्याला दिसतात, पण त्या कशाला आहेत ते कळत नाही. शेजारचा पोरगा खुसकन हसतो. मी त्याला बाजूला घेऊन सांगते, त्या दिवशी त्याला समजतंही. पण तोवर वर्ग वेलांटीवर गेलेला असतो. मग ते मूल एक युक्ती शोधून काढतं. ते चित्र बघून शब्द सांगतं, नाहीतर शेजाऱ्याच्या मागोमाग अर्धा क्षण उशिरानं म्हणतं. ही युक्ती इतकी बेमालूम असते की घरी तुम्हाला पुस्तक धडाधडा ‘वाचून’ दाखवतं आणि तुम्ही खूश होता. एकदा पान झाकून एकच शब्द विचारा, मग कळेल.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कपाशीत नांग्या पडल्या, म्हणजे बी न उगवून जागा रिकाम्या राहिल्या, तर आपण आठ-दहा दिवसांत भरून घेतो. महिन्यानं टोबलेलं बी उगवतं, पण शेजारच्या झाडाच्या सावलीत खुरटत राहतं.

‘निपुण भारत’ म्हणून केंद्र सरकारचं अभियान २०२१ साली सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधं गणित यावं, एवढंच त्याचं म्हणणं आहे. फार मोठी मागणी नाही. पण त्याच्या प्रशिक्षणात आम्हाला कितीही तक्ते आणि कार्डं दिली तरी ती रिकाम्या बस्करावर पसरून उपयोग नाही.

मुलं का येत नाहीत, याची कारणं मी घरोघर जाऊन विचारली आहेत. पोराला शिकवायचंच नाही असं म्हणणारं घर मला भेटलेलं नाही. कारणं फार साधी असतात.

सोमवारी आठवडी बाजार. आई-वडील दोघंही तालुक्याला जाणार, पोराला कुणाजवळ ठेवायचं, म्हणून बरोबर घेतलं. पोरगंही खूश, भेळ मिळते. शनिवारी अर्धीच शाळा, ‘एवढ्यासाठी काय आंघोळ घालायची’ म्हणून राहिलं. त्या अर्ध्या शाळेत आम्ही गोष्टी वाचतो, चित्रं काढतो, खेळ घेतो. म्हणजे पोरांना जे सगळ्यात आवडतं तेच नेमकं बुडतं. जूनच्या शेवटी पेरणी. मग आषाढी, आजीबरोबर दिंडीत दोन मुक्काम चालून येतो. दिंडीला माझी ना नाही. मूल जे बघून येतं ते वर्गात सगळ्यांना सांगायला लावते मी. पण दिंडीहून परत आल्यावर ‘थकलाय’ म्हणून आणखी चार दिवस घरी ठेवता, त्याला मात्र आहे. पंचमी, पोळा, गौरी-गणपती, सगळ्यांना रीतसर सुट्ट्या आहेत. त्या सुट्टीला पुढून एक आणि मागून एक दिवस जोडायची आपल्याकडं रीतच पडलीय.

मुलींचं थोडं निराळं आहे, आणि ते मला सगळ्यात टोचतं. दुसरी-तिसरीतली पोरगी घरी असते ती बहुतेक वेळा धाकट्याला सांभाळायला. आई खुरपायला गेली, सासूचे गुडघे दुखतात, मग सात वर्षांची पोर दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन ओट्यावर उभी. मी शाळेकडं जाताना ती मला बघून आत पळते. तीन वर्षांवरच्या मुलाला अंगणवाडी आहे आणि आपली अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे. धाकट्याला तिथं घाला, मधल्या सुट्टीत त्याची मोठी बहीण त्याला बघून येईल. तीन वर्षांखालचं असेल तर वस्तीवरच्या दोन-तीन आयांनी पाळीनं एकीनं थांबायचं ठरवा. बचत गटाचं कर्ज आपण पाळीनं घेतोच की. पण त्या बहिणीला घरी ठेवू नका. तिच्या भावाला शाळेत घालाल तेव्हा त्याला सांभाळायला घरी कुणाला ठेवणार आहात?

आजारपणाचं सांगते. अंगात ताप आहे, उलट्या-जुलाब आहेत, डोळे आलेत, अंगावर फोड उठलेत, तर मूल पाठवू नका. बाकीच्यांनाही लागण होते. पण नुसतं नाक गळतंय म्हणून घरी ठेवू नका. पावसाळ्यात पहिलीच्या पोराचं नाक वाळलेलं मी अजून बघायचीय. आणि ‘पोटात दुखतंय’ हे कारण सकाळी साडेनऊला सुरू होऊन साडेदहाला बंद होत असेल, तर त्याचं औषध तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. खरंच वरचेवर पोट दुखत असेल तर जंत असू शकतात. शाळेत जंतनाशक गोळी देतात तो दिवस चुकवू नका. शिवाय त्याला शाळेत कोणी मारतंय का, संडासला जायला भीती वाटतेय का, हे मायेनं विचारा आणि मला येऊन सांगा. मुलांच्या पोटदुखीची अर्धी कारणं वर्गात सापडतात, ती शोधणं माझं काम आहे.

आता रात्रीबद्दल. मला विचाराल तर सकाळची हजेरी आदल्या रात्री साडेआठलाच ठरते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, असं डॉक्टर सांगतात. शहरात लहान मुलांची झोप होत नाही अशी ओरड झाली, तेव्हा २०२४ साली सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका असा निर्णय काढला. आपली शाळा तर दहाला भरते. तरीही पोरं पहिल्या तासाला पेंगतात. कारण उघड आहे. जेवणं झाली की मोबाइल पोराच्या हातात, आणि तो हातातून पडतो तेव्हा पोरगं झोपलेलं असतं, अकरा वाजता. उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर उशिरापर्यंत जागायची सवय झालेली असते ती वेगळीच. ती सवय १४ जूनच्या रात्री एकदम मोडत नाही. म्हणून शाळा उघडायच्या आठ दिवस आधीपासून रोज थोडं थोडं अलीकडं आणा. साडेआठला जेवण, नऊला अंथरूण. मोबाइल चार्जिंगला लावायची जागा पोराच्या अंथरुणापासून लांब, देवळीत नाहीतर कपाटावर करा. बापानं तिथं बसून रील बघितले तर पोरगं झोपणार नाही, एवढं बापांनी समजून घ्यावं.

झोपण्याआधी दप्तर भरून दाराशी ठेवायचं. तुम्ही भरू नका, त्याला भरू द्या. तुम्ही शेजारी बसा. पाटी आहे का, पेन्सिल आहे का, पुस्तक आहे का. पहिलीचं पोर पाच मिनिटं लावेल आणि एखाद दिवशी खेळण्यातली गाडी भरून आणेल, चालतंय. सकाळी ‘माझी पेन्सिल कुठाय’ म्हणून जो गोंधळ होतो, त्यात आईचा पारा चढतो, पाठीत धपाटा बसतो, पोर रडत बसतं आणि ‘जाऊ दे आज’ म्हणून राहून जातं. निम्मे खाडे या पेन्सिलीपायी पडतात असं मी म्हटलं तर हसाल, पण एकदा तुमच्याच घरात बघा.

सकाळी पोटात काहीतरी हवं. चहात बुडवलेला बिस्किटाचा पुडा म्हणजे न्याहारी नव्हे. रात्रीची भाकरी दुधात कुस्करून, शेंगदाण्याची चटणी-भाकरी, फोडणीची पोळी, जे असेल ते. खिचडी मिळायला दुपार होते. उपाशी पोराचं बोट साडेअकराला पुस्तकावरून घसरतं आणि डोळे स्वयंपाकघराच्या धुराकडं लागतात. पोट साफ करून पाठवा. पाण्याची बाटली द्या, तिच्यावर नाव घाला. वर्गात सगळ्यांच्या बाटल्या निळ्या असतात.

आणि दहाला म्हणजे दहाला. परिपाठ चुकला तर काय, असं वाटेल. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली की आमचा पहिला तास भाषेचा असतो. पोरांची डोकी तेव्हा ताजी असतात, म्हणून वाचन तेव्हाच घेते. साडेदहाला आलेलं पोर दारात उभं राहतं, सगळी माना वळवतात, त्याला लाज वाटते, बसतं मागं कोपऱ्यात. हजेरीत ते हजर असतं, पण त्या दिवसाचं वाचन निघून गेलेलं असतं.

पहिलीच्या नव्या पालकांना एकच विनंती. पहिल्या आठवड्यात पोरं रडतात. रडू द्या. हात माझ्या हातात द्या, ‘जेवणाच्या सुट्टीनंतर घ्यायला येते’ म्हणा, आणि जा. खिडकीत उभ्या राहू नका. पोराला आई खिडकीत दिसली की त्याचा गळा दुप्पट उघडतो, आणि एकाचं बघून बाकीचे सूर धरतात. तुम्ही वळणावरून दिसेनाशा झालात की दहा मिनिटांत ते मातीत घर करत बसलेलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी ‘फार रडला हो काल’ म्हणून घरी ठेवू नका. ठेवलंत तर रडलं की सुटका होते हा धडा ते शाळेतल्या कुठल्याही धड्याआधी शिकतं.

गणवेश आला नाही म्हणून मूल घरी ठेवणारी दोन-चार घरं आहेत. २०२४-२५ ला राज्यभर एकसारख्या गणवेशाचा जो घोळ झाला तो तुमच्या लक्षात असेल. स्वातंत्र्यदिन उलटला तरी कितीतरी शाळांतल्या पोरांच्या अंगावर नवे कपडे आले नव्हते. ते काम आता पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलंय. तरी उशीर झालाच तर जुन्यात पाठवा, रंगीत कपड्यांत पाठवा. मी कुणाला वर्गाबाहेर काढणार नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांशी मला निवांत बोलायचंय, इथं थोडक्यात लिहिते. दसऱ्या-दिवाळीला कोयता उचलून तुम्ही निघता ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतता. म्हणजे तुमच्या लेकराच्या वाट्याला शाळेचं अर्धंच वर्ष येतं, त्यातही पहिला महिना सुट्टीतल्या सवयी मोडण्यात जातो. मूल आजीजवळ गावात राहू शकत असेल तर त्याच्या जेवणाखाण्याची सोय हंगामी वसतिगृहातून करता येते. पण त्याचा प्रस्ताव वेळेत जावा लागतो. ट्रॅक्टर दारात आल्यावर सांगून उपयोग नसतो. पोळ्याच्या सुमारास मला सांगा, कोण जाणार, कोण मूल ठेवणार. नेणारच असाल तर कोणत्या कारखान्याच्या भागात जाताय तेवढं सांगून जा आणि मुलाचं शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, म्हणजे तिथल्या शाळेत बसवून घेतील. तुमच्या लेकरांसाठी जून ते सप्टेंबरचा एकेक दिवस दुसऱ्यांच्या दोन दिवसांएवढा आहे.

आता आमच्याबद्दल तुम्ही जे बोलता ते. पारावर बसून, मी जवळून गेले की आवाज कमी करून. ‘पोरं पाठवून काय करायचं, बाई ट्रेनिंगला, सर मीटिंगला.’ खोटं नाही ते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा कायद्याचा हिशोब. आपल्या शाळेत आम्ही दोघंच आहोत आणि वर्ग चार आहेत. एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याला चारही वर्ग एका व्हरांड्यात घ्यावे लागतात. त्याच शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम देऊ नये. प्रत्यक्षात मोबाइलवर भरायच्या माहित्या संपत नाहीत. हे आम्ही वर लिहून कळवतो. तुम्हीही लिहा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या समितीचा ठराव बाईंच्या अर्जापेक्षा जड असतो. शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर होता आणि कुठल्या कामाला, याची नोंद समितीनं दर महिन्याला मागावी. मी स्वतः देईन. तुमच्या पोरांची हजेरी मी विचारते, तर माझी तुम्ही विचारायलाच हवी.

एक गोष्ट मात्र बोलून दाखवते. सकाळी सातला इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात येते. त्या गाडीसाठी पोरं सहाला उठतात, आंघोळी करतात, टाय लावून फाट्यावर उभी असतात. पावसातसुद्धा. त्याच घरातलं दुसरं लेकरू आमच्याकडं असेल तर ते अकराला येतं. तिकडं फी भरलेली असते ना! आमच्याकडं काही भरलेलं नसतं, म्हणून बुडतही काही नाही असं वाटतं.

मूल रोज यावं म्हणून आजवर काय काय करून झालंय. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया म्हणजे केवढा, ते आजोबांना विचारा. १९९५ ला पोषण आहार आला तेव्हा महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळायचं, पण हजेरी ऐंशी टक्के असेल तरच. आता तिशी-पस्तिशीत असलेल्या आयांनी पिशवी घेऊन शाळेत रांग लावलेली असेल. त्याआधी १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालच्या मागास घरांतल्या मुलींना हजेरीबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता ठरला. सक्तीसाठी रुपया, आमिषासाठीही रुपया. त्या भत्त्याच्या आकड्याचं काय करायचं, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि ते पत्र वरच्या साहेबांना लिहावं लागेल.

मला दंड नको आणि आमिषही नको. या वर्षी एवढंच करून बघूया. मूल येणार नसेल तर दहाच्या आत पालकांच्या ग्रुपवर नाव आणि कारण टाका. ‘बाजार’ असेल तर ‘बाजार’ लिहा, खोटा ताप लिहू नका. सलग दोन दिवस नाव नसेल आणि निरोपही नसेल तर तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तुमच्या दारात येईन. रागवायला नाही, बुडालेलं कुठपर्यंत होतं ते सांगायला. त्यावेळी चहा ठेवू नका, पोराला पाटी घेऊन बसवा. बाजाराच्या दिवशी आपल्या गल्लीतलं पोर कुणी शाळेत सोडायचं आणि कुणी आणायचं, ते गल्लीगल्लीनं आपसात ठरवा. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी समितीनं सगळ्यांची हजेरी वाचून काढावी. मुलांची, आणि आम्हा दोघांचीही.

हे सगळं ठरवायला शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी सातला मारुतीच्या पारावर बसूया. बाप्यांनीच यायचं असं नाही. खरं म्हणजे आयांनीच यावं, कारण सकाळी पोराला उठवायचं काम त्यांच्याकडं आहे. पहिलीत नाव घालायचं असेल त्यांनी मुलाचा जन्माचा दाखला आणि आधार कार्ड आणावं. दाखला नसला तरी या, प्रवेश अडणार नाही. पोरांना बरोबर आणलंत तरी चालेल, फक्त नऊच्या आत उठू.

आपली,
पहिली-दुसरीच्या बाई
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा

ता. क. सुट्टीत बऱ्याच जणांनी मोबाइल नंबर बदललेत, जुन्यावर लावलं तर भलताच माणूस बोलतो. नवा नंबर मोठ्या पोराजवळ चिठ्ठीवर लिहून पाठवा. चिठ्ठीवर मुलाचं नाव आणि इयत्ताही घाला, नुसता नंबर आला तर मी कुणाचा समजू?